मन गप्प होतं, पण लक्षात येताच निसटतं

प्रश्न : मी चाळिशीतली, नोकरी करणारी. डोक्यात सतत काहीतरी चालू असतं. राहिलेली कामं, कुणाला काय बोलले, उद्याचं कसं होणार. मैत्रिणीने सांगितलं म्हणून ध्यानाचं एक ॲप घेतलं आणि रोज सकाळी २० मिनिटं डोळे मिटून बसायला लागले. दोन महिने झाले. बसलं की विचार दुप्पट होतात, कधीकधी छातीत धडधडतं आणि उठते ती चिडूनच. परवा मात्र ऑफिसात संगणक सुरू व्हायची वाट बघत होते आणि अचानक सगळं गप्प झालं. तीन-चार सेकंद असतील. 'अरे, हेच ते!' असं मनात आलं आणि संपलं. नंतर मुद्दाम प्रयत्न केला, जमलं नाही. ते पुन्हा कसं मिळवायचं? वाढवता येतं का? घरात सतत आवाज, बसायला वेगळी खोली नाही. रात्री पाठ टेकली की तर विचारांना ऊतच येतो. माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर : नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. खोट नाही. संगणकासमोरच्या त्या तीन-चार सेकंदांना तुम्ही अपघात समजताय, पण आमच्या मते दोन महिन्यांतली तुमची सगळ्यात कामाची बैठक तीच होती.

मेंदूला बाहेरचं काम नसलं की तो स्वस्थ बसत नाही. आठवणी उकरणं, उद्याची जुळवाजुळव, अमक्याला आपल्याबद्दल काय वाटलं असेल याचा हिशेब, या सगळ्यात गुंतलेला मेंदूच्या भागांचा एक संच नेमका तेव्हाच जास्त सक्रिय होतो. मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या स्थितीला मेंदूची 'डिफॉल्ट' अवस्था म्हटलं. सराव नसलेल्या माणसाने डोळे मिटून, हाताला काहीही काम न देता २० मिनिटं बसायचं म्हणजे त्या संचाला मोकळं रान देणं. विचार दुप्पट झाल्यासारखे वाटले यात नवल नाही. आणि भरकटणारं मन ही काही तुमची खासियत नव्हे. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं होतं, की आत्ता तुमचं मन कुठे आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामात नव्हतं.

आता ते निसटलं का, ते बघू. सगळी गोम तिथेच आहे.

त्या वेळी तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. आधी विचार थांबले. मग 'हेच ते' अशी नोंद झाली. मग ते जाऊ नये म्हणून तुमची पकड घट्ट झाली. यातली दुसरी गोष्ट टाळता येत नाही आणि टाळायची गरजही नाही. बिघडतं तिसऱ्या ठिकाणी. पकडून ठेवायचं म्हटलं की मधूनमधून तपासावं लागतं, अजून शांत आहे ना? आणि ही तपासणी हाच एक विचार असतो. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं त्यांनी लोकांना सांगितलं. अस्वल येत राहिलं. पुढे 'आता हवा तेवढा विचार करा' म्हटल्यावर, ज्यांना आधी मनाई नव्हती त्यांच्यापेक्षा या लोकांच्या मनात ते जास्त वेळा आलं. एखादी गोष्ट मनात नाही ना, हे बघायचं तर ती गोष्ट लक्षात ठेवावीच लागते, त्याला कोण काय करणार?

म्हणून शांततेकडे बघायला जाऊच नका. तिथे बघण्यासारखं काही नसतं, आणि ती मोकळी जागा मन लगेच शब्दांनी भरून टाकतं. नोंद झाली की लक्ष शरीराला थेट कळणाऱ्या एखाद्या साध्या गोष्टीवर टेकवा. तळपायाखालची फरशी, खुर्चीला टेकलेली पाठ, बोटांना लागणारा कपाचा गरमपणा, काहीही चालेल. 'हेच ते' आलं? येऊ दे. तळपाय. बस. कधी शांतता आणखी दोन-तीन सेकंद राहील, कधी तिथेच संपेल. संपली तर तिच्यामागे धावायचं नाही, पुढचं काम हातात घ्यायचं. वाचायला हे किरकोळ वाटतं, पण बहुतेकांना सगळ्यात जड जातं ते हेच.

इथेच आणखी एक सांगून टाकू. 'मनात एकही विचार नको' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे. मागे विचारांची पुटपुट चालू आहे आणि तरी आपण तिच्यात ओढले गेलेलो नाही, हीसुद्धा शांतताच आहे आणि ती कितीतरी जास्त वेळा हाताला लागते. पूर्ण निःशब्द क्षणांचीच वाट बघत बसलात तर या बाकीच्या वाया जातील.

संगणक सुरू होतानाच ते का घडलं असेल? एक काम संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं आणि मधे करण्यासारखं काही नव्हतं. दिवसभरात असे सांधे भरपूर असतात. फोनवरचं बोलणं संपल्यावर, ईमेल पाठवून झाल्यावर, दाराची कडी लावताना, लिफ्टची वाट बघताना, नळाखाली हात धुताना. हल्ली ते आपल्याला दिसत नाहीत, कारण तेवढ्यात हात फोनकडे गेलेला असतो. फोनला शिव्या देण्यात अर्थ नाही. उलट, हात फोनकडे निघाला की समजावं, हा सांधा आहे. याहून चांगली खूण शोधूनही सापडणार नाही.

सगळे सांधे वापरायला जाऊ नका, दोन दिवसांत कंटाळाल. तीन निवडा. निवडताना बघा की ती गोष्ट दिवसातून चार-पाच वेळा तरी घडते, आणि त्या वेळी कुणी तुमच्या उत्तराची वाट बघत नसतं. गाडी चालवताना, रस्ता ओलांडताना, जिना उतरताना किंवा हातात सुरी असताना हा उद्योग नको. शक्यतो आधीचं काम पुरतं संपलेलं असावं. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की अर्धवट काम टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो. अशा वेळी शांत व्हायला गेलं की ते अर्धवट कामच डोकं वर काढतं. काम मधेच सोडावं लागणार असेल तर 'परत आल्यावर इथून पुढे' अशी एक ओळ कागदावर लिहा आणि मगच उठा.

सांध्यावर नेमकं करायचं काय, ते आता सांगतो. डोळे उघडेच ठेवा, नजर थोडी खाली, भिंतीवर किंवा जमिनीवर टेकलेली. खांदे कानाकडे चढलेले असतील तर सोडा, दात दाबलेले असतील तर जबडा सैल करा. आता नाकाने सावकाश श्वास सोडा. आधी मोठा श्वास घ्यायचा नाही. छातीत आहे तेवढीच हवा सोडायची, नेहमीपेक्षा थोड्या संथपणे. श्वास सोडून झाला की पुढचा यायच्या आधी एक छोटासा विराम असतो, एखाद-दोन सेकंदांचा. त्यात काहीच करू नका. पुढचा श्वास तुम्ही घ्यायचा नाही, तो आपणहून येईल. असं तीनदा. एकूण वीस-पंचवीस सेकंद लागतात, आणि शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

भर श्वास सोडण्यावर का? श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, ही शरीराची नेहमीची रीत आहे. सोडणं लांबलं की मंद ठोक्यांचा काळही लांबतो. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे एका श्वासाला तीन ते पाच सेकंद. तुमचा श्वास सात-आठ सेकंदांवर आला तरी पुष्कळ झालं. घड्याळ लावून मोजू मात्र नका, मोजणी सुरू झाली की परीक्षाही सुरू होते.

यात चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे जोरात भरभरून श्वास घेणं. मोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग डोकं हलकं होतं, बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या येतात, आणि माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी होतंय. तसं झालं तर सराव सोडून नेहमीसारखा श्वास घ्या, थोड्या वेळात जातं. दुसरी चूक म्हणजे शेवटचा विराम जबरदस्तीने ताणणं. त्याने घुसमट होते, पुढचा श्वास धापेसारखा येतो आणि सगळंच उलटं होतं. विराम आपोआप असेल तेवढाच घ्यायचा, काही श्वासांत तो नसतोच. तिसरी चूक जरा चोरटी आहे. तिसरा श्वास झाल्यावर 'झालं का काही?' असं स्वतःला विचारणं. विचारू नका. श्वास तीन झाले, काम झालं. मन शांत झालं की नाही हा त्या वेळचा प्रश्नच नाही.

आता तुमच्या धडधडीबद्दल. अंग सैल सोडलं की काहींना उलट भीती वाटते. दिवसभर सावध राहायची सवय असलेल्या शरीराला ढिलं पडणं हेच धोक्याचं वाटतं. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतं आणि मानसोपचाराच्या क्षेत्रात ते चांगलं ठाऊक आहे. तुम्ही श्वासाकडे किंवा छातीकडे लक्ष देऊ लागलात की ठोके जाणवतात, ठोके जाणवले की काळजी वाढते, काळजीने ठोके आणखी वाढतात. अशा वेळी नेटाने बसून राहण्यात काही पराक्रम नाही. डोळे उघडा आणि श्वासावरचं लक्ष काढून आवाजाकडे वळवा. हो, घरातला आवाजच. वेगळी खोली नाही याची खंत करू नका, ती नसण्याचा इथे उपयोगच आहे.

ऐकू येणारा सगळ्यात लांबचा आवाज शोधा. मग सगळ्यात जवळचा. मग एखादा आवाज धरा आणि तो कुठे संपतो ते ऐका. भांडं खाली ठेवल्याचा, दार लागल्याचा, बाहेरून गेलेल्या गाडीचा. सुरुवात कुणालाही ऐकू येते, शेवट मुद्दाम ऐकावा लागतो. आवाज विरत जातो, गेला की नाही हे नीट कळत नाही, आणि ते ऐकण्यासाठी मन क्षणभर कान टवकारून थांबतं. त्या थांबण्यात शब्द फार कमी असतात. तीस सेकंद पुरे. एक पथ्य आहे. बोलणं, बातम्या, गाणी असे आवाज धरू नका. शब्द कानावर पडले की मन अर्थ लावायला धावतं आणि पाचव्या सेकंदाला तुम्ही त्या वाक्याशी मनातल्या मनात भांडत असता. बोलण्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नसेल तर आवाज सोडून तळहात घ्या. दोन्ही तळहात मांडीवर ठेवा आणि त्यातला कुठला जास्त गरम आहे ते बघा.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर श्वास आणि आवाज पुरे पडणार नाहीत. दिवसभर मागे ठेवलेली कामं अंथरुणात पुढे येतात, कारण तिथे त्यांना अडवायला दुसरं काम नसतं. पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवतात, असं ब्लूमा झाइगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं होतं. त्याहून उपयोगी गोष्ट मासिकाम्पो आणि बॉमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवली. काम पुरं करायची गरज नाही, ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला तरी त्याची मनातली टोचणी कमी होते. झोपेवरच्या २०१८ च्या एका प्रयोगात काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढे करायची कामं लिहिली, काहींनी झालेली कामं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी यादी जास्त तपशिलाने लिहिली त्यांना आणखी लवकर.

तेव्हा उशाशी वही आणि पेन्सिल ठेवा. पाच मिनिटं लिहा. 'बँकेचं' असं एका शब्दात लिहिलंत तर ते मनातून जाणार नाही, कारण मनाला अजून करायचं काय ते कळलेलं नाही. 'उद्या अकराला बँकेत फोन, खात्यावरचा पत्ता बदलायला कोणती कागदपत्रं लागतात ते विचारणं' असं लिहा. काम, पहिली कृती, वेळ. फोनवर लिहू नका. दोन ओळी लिहून होतात तोवर एखादा संदेश दिसतो आणि यादीत तिसरं काम वाढतं. आणि पानभर मन मोकळं करू नका. दिवसा त्याचा उपयोग असेलही, रात्री त्याने जखमेवरची खपली निघते.

काही गोष्टींना पहिली कृतीच नसते. निकालाची वाट, कुणाचं आजारपण, झालेला अपमान. त्या बेताच्या यादीत घालू नका, खाली रेघ मारून वेगळ्या लिहा आणि पुढे उद्याची वेळ टाका, समजा संध्याकाळी सहा. त्या वेळी बसून अर्धा तास मनसोक्त काळजी करायची, बाकीच्या वेळी ती आली की 'सहा वाजता' म्हणून पुढे ढकलायची. वेडगळ वाटेल, पण काळजीसाठी दिवसातला अर्धा तास राखून ठेवायची ही पद्धत थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच तपासली होती, आणि मानसोपचारात ती आजही वापरली जाते. ही वेळ झोपेच्या तोंडावर नको, आणि अंथरुणात तर नकोच. एवढं करूनही रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप परतली नाही असं वाटलं, तर उठा. मंद उजेडात काहीतरी नीरस करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका.

थोडं शरीराचंही बघा. कॅफिन अंगातून निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त, त्यामुळे दुपारनंतरचा चहा-कॉफी आधी बंद करून पाहा. थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करत असेल तरीही धडधड, बेचैनी, झोप न येणं हे सगळं होतं. तुम्ही डोळे मिटून बसलेल्या नसतानाही धडधड होत असेल, किंवा सोबत वजन उतरणं, हात थरथरणं, चक्कर असं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर त्याच दिवशी.

काही वेळा माणूस शांततेच्या शोधात असतो, पण त्याला गरज उपचाराची असते. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा काळजी महिनोन् महिने आवरत नसेल आणि कामावर, झोपेवर, घरावर तिचा परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. गप्प झालं की एखादा जुना भीतीदायक प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल तर एकटीने सराव वाढवू नका. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर ते आजच जवळच्या कुणालातरी सांगा आणि त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. आधीपासून मनासाठी औषधं चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून ती परस्पर थांबवू नका.

वाढवता येतं का, असं तुम्ही विचारलंय. लांबी वाढवायच्या मागे लागलात की पुन्हा पकड आली. संख्या वाढू द्या. पहिला आठवडा तीन सांधे, जमतील तेवढे. विसराल, रोज विसराल. रात्री आठवलं की आज एकदाही झालं नाही, तर तेवढ्यात एक श्वास सोडा आणि झोपा. सांध्यांवर थांबणं सवयीचं झालं की चौथा सांधा धरा. किती वेळा झालं याच्या खुणा करू नका. ॲपवरची सलग दिवसांची मोजणी याच कारणासाठी आम्हाला पटत नाही. व्यायामाला ती ठीक असेल, इथे ती मोजणी स्वतःच एक काळजी होऊन बसते.

काही बदललं का हे बघायचंच असेल तर तीन-चार आठवड्यांनी बघा, आणि शांत क्षण मोजण्याऐवजी दुसरंच काहीतरी बघा. कुणाशी वाजलं तर ते डोक्यातून जायला किती वेळ लागतो? पूर्वी दिवसभर घोळत असेल आणि आता दुपारपर्यंत निवळत असेल, तर काम होतंय. काहीच फरक नसेल तर सांधे बदलून बघा. बहुतेक वेळा निवडलेले सांधे फार घाईचे असतात.

वीस मिनिटांची बैठक तूर्त महिनाभर बंद ठेवा. पुढे बसावंसं वाटलं तर पाच मिनिटं बसा, पाठीमागे भिंत, डोळे अर्धे उघडे, ॲपमधल्या आवाजाशिवाय. धडधडलं तर उठा, त्यात हार नाही. वेळ फोनवर लावणार असाल तर तो विमान मोडवर टाका आणि हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवा. नाहीतर पाचव्या मिनिटाला गजर बंद करायला म्हणून उचललेल्या फोनवर सहाव्या मिनिटाला तुम्ही ऑफिसचे संदेश वाचत असाल.